मूकपटातील पाटी : डेन्मार्क, दशावतार आणि आपली मराठी

मुंबईत गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ नावाचे चित्रगृह होते. १८ मे १९१२ रोजी तेथे 'श्री पुंडलिक' हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या तारखेचा उल्लेख नेहमी येतो. मात्र त्याच खेळात 'पुंडलिका'च्या जोडीला आणखी एक चित्रपट होता, त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. त्याचे नाव 'अ डेड मॅन्स चाइल्ड'. नाव इंग्रजी असल्यामुळे तो विलायती असावा असे मीही बरीच वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात त्या इंग्रजी नावाने फिरणारा चित्रपट डेन्मार्कचा होता. कोपनहेगनच्या नॉर्डिस्क कंपनीने तो १९११ मध्ये काढला आणि एडुआर्ड श्नेडलर-सोरेन्सन याने त्याचे दिग्दर्शन केले. डॉक्टर गार एल हामा नावाच्या एका कपटी गुन्हेगाराची ती कथा होती, आणि ती इतकी गाजली की पुढे त्याच पात्रावर आणखी चित्रपट निघाले.

म्हणजे मालवणच्या एका तरुणाने उभा केलेला मराठी भक्तिपट आणि कोपनहेगनमध्ये तयार झालेला रहस्यपट हे दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच तिकिटात गिरगावच्या प्रेक्षकांनी पाहिले. डॅनिश भाषेचे एक अक्षरही त्या प्रेक्षकांना येत नव्हते, तरी चित्रपट कळायला अडचण आली नाही. हे कसे शक्य झाले, आणि भाषेचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातून काय शिकता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे. मी डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवतो, घर पेडण्याचे. त्यामुळे उदाहरणे वर्गातली आणि गावच्या जत्रेतली येतील, ती वाचकांनी गोड मानून घ्यावीत.

लहान भाषेचा मोठा बाजार

डेन्मार्क हा देश छोटा. १९११ च्या सुमारास त्याची लोकसंख्या अठ्ठावीस लाखांच्या आसपास होती. एवढ्याशा भाषेतील चित्रपटाला घरच्या बाजारातून किती उत्पन्न मिळणार? हे ज्याने प्रथम ओळखले तो ओले ओल्सन हा मूळचा जत्रेतला खेळवाला. आपल्याकडे जत्रेत पाळणे आणि जादूचे खेळ घेऊन फिरणारे लोक असतात, त्याच जातकुळीचा. त्याने आधी कोपनहेगनमध्ये चित्रगृह काढले आणि १९०६ मध्ये नॉर्डिस्क कंपनी स्थापन केली. पृथ्वीगोलावर उभे असलेले पांढरे अस्वल हे तिचे चिन्ह. उत्तरेचा देश म्हणून अस्वल आणि गिऱ्हाईक साऱ्या जगाचे म्हणून पृथ्वी, असा त्याचा सरळ अर्थ मी लावतो.

ओल्सनचे सुरुवातीचे यश म्हणजे १९०७ मधील 'सिंहाची शिकार'. परदेशातून दोन म्हातारे सिंह विकत आणून त्यांना एका लहानशा बेटावर कॅमेऱ्यासमोर गोळ्या घातल्या. डेन्मार्कच्या न्यायमंत्र्याने त्यावर बंदी आणली, पण बाहेरच्या देशांत त्याच्या अडीचशेहून अधिक प्रती खपल्या. प्रकार निर्दय होता यात शंका नाही. परंतु ओल्सनचा हिशेब त्यातून स्पष्ट दिसतो. सिंह पडला हे कोणत्याही देशातील माणसाला भाषेवाचून कळते.

मात्र डॅनिश चित्रपट एवढ्यावर थांबला नाही. १९१० मध्ये उर्बान गाड याने 'अफग्रुन्डेन' म्हणजे 'खोल दरी' हा चित्रपट काढला. त्यात आस्टा नील्सन ही नाटकातली, तोवर फारशी न गाजलेली नटी नायिका होती. त्या काळी रंगभूमीवरचे नट कॅमेऱ्यासमोरही हातवारे करून अभिनय करत, कारण शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोचवायची त्यांना सवय होती. आस्टा नील्सनने हातवारे कमी केले. ती थांबते, मान वळवते, डोळे खाली घेते, आणि पाहणाऱ्याला तिच्या मनात काय चालले आहे ते कळते. या एका चित्रपटाने ती युरोपभर प्रसिद्ध झाली. आउगुस्ट ब्लोम याने १९१३ मध्ये गेरहार्ट हाउप्टमान या जर्मन लेखकाच्या कादंबरीवरून 'अटलांटिस' काढला. बेन्यामिन क्रिस्टेन्सन याने 'गूढ एक्स' (१९१४) मध्ये अंधार आणि उजेड यांचाच उपयोग कथा सांगण्यासाठी केला. आणि याच नॉर्डिस्क कंपनीत पत्रकारिता सोडून आलेला एक तरुण पडद्यावरील पाट्यांचा मजकूर लिहीत बसत असे. त्याचे नाव कार्ल थिओडोर ड्रायर. पुढे १९२८ मध्ये त्याने पॅरिसला जाऊन जोन ऑफ आर्कवरचा चित्रपट केला. तो आजही जगातील श्रेष्ठ चित्रपटांत गणला जातो.

हा मोठा कलावंत पाट्या लिहून तयार झाला, ही गोष्ट मला भाषेचा शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटते.

आपल्या बाजूची मंडळी

आता आपल्याकडे पाहू. 'श्री पुंडलिक'चे कर्ते रामचंद्र गोपाळ तोरणे, म्हणजेच दादासाहेब तोरणे, यांचा जन्म १३ एप्रिल १८९० रोजी मालवण तालुक्यातील सुकळवाड येथे झाला. पेडण्याहून निघालो तर तेरेखोलच्या पलीकडे दीड-दोन तासांची वाट. हा सगळा टापू दशावताराचा. 'पुंडलिक' हे मुळात रामराव कीर्तिकरांचे मराठी नाटक. तोरण्यांनी त्याचे चित्रण करवून घेतले. कॅमेरा चालवणारा जॉन्सन नावाचा इंग्रज होता आणि फितीवरची प्रक्रिया लंडनला झाली. या कारणांमुळे अनेक अभ्यासक पहिल्या भारतीय कथापटाचा मान 'पुंडलिका'ला न देता दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ला देतात. तो चित्रपट त्याच कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी लागला.

पहिले कोण, हा वाद मी येथे वाढवणार नाही. वर्गात तो विषय निघाला की मुले तोरणे आणि फाळके असे दोन पक्ष करून भांडतात आणि चित्रपट बाजूला राहतो. मला दोघांमधील फरक अधिक उपयोगाचा वाटतो. तोरण्यांनी रंगभूमीवरचा तयार खेळ कॅमेऱ्यात घेतला. फाळक्यांनी लंडनला जाऊन कॅमेरा आणला, वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून हात बसवला, आणि मग कॅमेऱ्यासाठी कथा मांडली. ओल्सन जसा जत्रेतून आला तसे फाळके छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग यांतून आले. तिसरे नाव कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे. त्यांनी कॅमेरा स्वतःच घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. १९२५ मध्ये त्यांनी ना. ह. आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' हा शेतकऱ्याच्या कर्जाचा चित्रपट केला. त्यातील तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये ड्रायरने घरात हुकूम गाजवणाऱ्या नवऱ्यावर चित्रपट केला. देव, राजे आणि गुन्हेगार सोडून दोन्हीकडे कॅमेरा साध्या घरात शिरला तो एकाच वर्षी. दोघांनी एकमेकांचे काम पाहिले असण्याचे कारण नाही. कला वयात आली की ती घराकडे वळते, एवढेच त्यातून घ्यावे.

स्त्रीभूमिकेचा प्रश्न मात्र आपला वेगळा होता. आस्टा नील्सन युरोपात गाजत असताना फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने ती भूमिका केली. दशावतारात वाढलेल्या प्रेक्षकाला यात काहीच नवल वाटले नसेल. आमच्याकडे आजही राणी पुरुषच होतो. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या आणि ही अडचण हळूहळू दूर झाली.

पाटी म्हणजे काय?

मूकपटात दोन दृश्यांच्या मध्ये अक्षरांची एक पाटी येते. काळ्या फलकावर पांढरी अक्षरे लिहून त्याचे चित्रण करायचे आणि तो तुकडा फितीत जोडायचा. चित्रपट दुसऱ्या देशात पाठवायचा झाला तर तेवढे तुकडे काढून त्या देशाच्या भाषेतील तुकडे लावायचे. चित्र तेच राहते, भाषा बदलते. नॉर्डिस्कचा सारा व्यापार या सोयीवर उभा होता. बर्लिनला जर्मन पाट्या गेल्या, लंडनला इंग्रजी गेल्या, आणि इंग्रजी पाट्यांची प्रत आगबोटीने मुंबईलाही आली. इतकेच काय, रशियाच्या प्रेक्षकांना शोकान्त आवडतो म्हणून डॅनिश कंपन्या त्यांच्यासाठी निराळा शेवटही चित्रित करत. 'अटलांटिस'ला असे दोन शेवट होते.

फाळक्यांच्या चित्रपटांत इंग्रजीबरोबर देवनागरीतही पाट्या असत. त्या काळी वाचता येणारे थोडे. त्यामुळे चित्रगृहात ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे आणि बाकीचे ऐकत. मूकपटाचा खेळ अशा प्रकारे कधीच मुका नव्हता. वाद्ये वाजत, माणसे बोलत, आणि पाटी एकाच्या डोळ्यांतून दहाजणांच्या कानांत जाई. पोथी एकाने वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी ही आपली रीत. ती चित्रगृहातही तशीच चालू राहिली.

वर्गातला प्रयोग

गेली काही वर्षे अकरावीच्या वर्गात मी एक प्रयोग करतो. 'अफग्रुन्डेन'मधील काही दृश्ये पाट्या वगळून दाखवतो आणि मुलांना मराठी पाट्या लिहायला सांगतो. अट एकच : पाटी दहा शब्दांच्या पुढे जाता कामा नये. कथा थोडक्यात अशी. मॅग्डा ही पियानो शिकवणारी तरुणी. क्नूड नावाच्या सभ्य तरुणाशी तिची ओळख ट्राममध्ये होते. तो तिला सुट्टीत आपल्या आईवडिलांकडे नेतो, वडील पाद्री. तेथे गावात सर्कस येते आणि मॅग्डा सर्कशीतल्या रुडॉल्फबरोबर पळून जाते. पुढे तिची परवड होते आणि अखेर तिच्या हातून रुडॉल्फचा खून होतो.

पहिल्या प्रयत्नात जवळजवळ सगळी मुले लिहितात : 'मॅग्डा आणि क्नूड ट्राममध्ये भेटतात.' मी विचारतो, "हे आपण डोळ्यांनी पाहिलं की नाही?" मुले म्हणतात, "पाहिलं, सर." "मग पाटीनं नवीन काय सांगितलं?" वर्ग गप्प होतो. येथून धडा सुरू होतो.

पहिला नियम मुले स्वतःच शोधतात : डोळ्यांना दिसते ते पाटीने सांगू नये. काळ, नाते, कानांवर पडणारे शब्द आणि मनातला विचार या चार गोष्टी चित्राला सांगणे अवघड जाते; पाटीचे काम तेवढ्यांचे.

दुसरा नियम एका मुलाच्या वहीतून निघाला. सुट्टीला नेताना क्नूडच्या तोंडी त्याने लिहिले होते : 'चला, आई वाट पाहत असेल.' आणि पळून जाण्याच्या वेळी रुडॉल्फच्या तोंडी एकच शब्द : 'चल.' मी ती दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहिली. 'चला' आणि 'चल' यांत एका कान्याचा फरक. पण त्या कान्यात एकाची अदब आणि दुसऱ्याची सलगी, एकाचे घर आणि दुसऱ्याचा तंबू, सगळे आले. इंग्रजीत ही सोय नाही. डॅनिश भाषेत मात्र आदराचे आणि सलगीचे अशी दोन सर्वनामे आहेत, आपल्या 'तुम्ही' आणि 'तू' यांसारखी. म्हणजे डॅनिश पाटीत जो भेद दाखवता येत होता तो इंग्रजी पाटीत गळून पडला, आणि मराठीत मात्र तो पुन्हा जसाच्या तसा आणता येतो. मधल्या भाषेवरून भाषांतर करताना काय हरवते, हे मुलांना यापेक्षा सोप्या उदाहरणाने मला समजावता आले नसते. इंग्रजीतून रशियन, फ्रेंच किंवा जपानी साहित्य मराठीत आणणाऱ्यांनीही हा कान्याचा प्रश्न रोज स्वतःला विचारावा.

तिसरा नियम शेवटच्या दृश्याने शिकवला. पोलीस मॅग्डाला घेऊन जातात. तिचा चेहरा कोरा असतो. एकाने लिहिले, 'मॅग्डाला खुनाबद्दल अटक झाली.' दुसऱ्याने लिहिले, 'तिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले.' साखळीच्या बाजूने येणाऱ्या एका मुलीची वही कोरी होती. मला वाटले, तिने काम केले नाही. विचारले तर म्हणाली, "इथं पाटी नको, सर. ती चालते, तेवढं पुरे." त्या दिवशी मी आणखी काही शिकवले नाही. शब्द कोठे थांबवायचा हे ज्याला कळले त्याला लिहिणे कळू लागले, असे मी समजतो.

बोली बंद झालेली तारामती

हा प्रयोग मला सुचला त्यामागे एक जुनी चूक आहे, ती सांगितली पाहिजे.

आमच्या वाड्यावर एक दशावतारी होते. सारा वाडा त्यांना आबा म्हणे. तरुणपणापासून ते स्त्रीपार्टी. हरिश्चंद्राच्या आख्यानातील त्यांची तारामती पाहायला शेजारच्या गावांहून माणसे येत. ज्यांना दशावतार परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो : या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रात्री देवळापुढे काला असतो, पायपेटी, पखवाज आणि झांज यांवर आधी आडदशावतार होतो, संकासूर मालवणीत लोकांना हसवून जातो, आणि मग आख्यान लागते. कथानक सगळ्यांना माहीत. संवाद मात्र नटाने उभ्या जागी रचायचे, तेही भारदस्त मराठीत. शाळा फारशी न शिकलेली माणसे पहाटे तीन वाजता जे मराठी बोलतात ते ऐकून माझ्यासारख्या पदवीधराने मान खाली घालावी.

स्मशानात रोहिदासाचे प्रेत मांडीवर घेऊन आबांची तारामती डोंब झालेल्या नवऱ्याशी बोलत असे. प्रत्येक जत्रेत ते बोलणे थोडे निराळे असे. मी त्यांना म्हटले होते, "आबा, एकदा बसून हे सगळं लिहून घेतो." ते म्हणाले, "ये मरे, मी खंय जातंय?" त्या मे महिन्यात पेपर तपासणी होती. पुढच्या दिवाळीत बहिणीचे लग्न होते. असे करता करता सहा वर्षे गेली. मग आबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा ते ओसरीवर खुर्चीत होते. मला पाहून त्यांनी चांगला राहिलेला डावा हात उचलला, जवळची उशी मांडीवर ओढली, तिच्यावरून हात फिरवला, आणि मान वर करून समोर पाहिले. समोर कोणी नव्हते. पण तेथे हरिश्चंद्र उभा होता हे मला कळले. पूर्ण प्रसंग त्यांनी केला, पाचेक मिनिटे. ओठ हलत होते. मला त्यातील एकही शब्द आठवत नव्हता. इतक्या जत्रांना मी तो प्रसंग पाहिला, डोळे पुसले, पण शब्द आबांकडे आहेत या भरवशावर राहिलो. त्या दुपारी माझ्यापुढे एक मूकपट चालला होता, आणि त्याच्या पाट्या हरवल्या होत्या. आबा त्या पावसाळ्यात गेले.

बोलपट आला तेव्हा

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' लागला आणि आपल्याकडे पडदा बोलू लागला. त्याच वर्षी नॉर्डिस्कने डेन्मार्कचा पहिला मोठा बोलपट काढला. डॅनिश चित्रपटाची जागतिक सद्दी तोवर संपली होती. पहिल्या महायुद्धात बाजार बंद झाले, अमेरिकन चित्रपट वर आले, आणि १९२८ मध्ये नॉर्डिस्कचे दिवाळे वाजले होते. बोलपटाने उरलेली वाट अरुंद केली. पाटी बदलता येते, नटाच्या तोंडातली भाषा तशी बदलता येत नाही. जो देश मौनाच्या बळावर जगभर गेला होता तो आता आपल्या भाषेच्या सीमेत परत आला.

मराठीचे नेमके उलट झाले. मूकपटाच्या काळात मराठी माणसे चित्रपट काढत होती, पण मराठी चित्रपट असे वेगळे काही नव्हते. पाट्या बदलल्या की तोच चित्रपट कुठेही चाले. बोलपटाने मराठीला स्वतःचा पडदा दिला. प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये आला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. त्या माहेरच्या लाड, घराणे मूळ गोव्याचे, घरात कोकणी बोलणारे. १९१३ मध्ये तारामती पुरुष होती आणि मुकी होती. एकोणीस वर्षांनी ती स्त्री होती आणि मराठी बोलत होती. मालवणचे तोरणेही मागे राहिले नाहीत. पुण्यात सरस्वती सिनेटोन काढून त्यांनी १९३२ मध्येच 'श्यामसुंदर' हा बोलपट केला.

ही तुलना मांडण्यामागचा माझा मुद्दा एवढाच : चित्राला सीमा नसते हे जितके खरे तितकेच, भाषा हे चित्राचे घर असते हेही खरे. डॅनिश लोकांनी पहिल्या सत्याचा लाभ घेतला, मराठी लोकांनी दुसऱ्याचा.

जतन कोणी करायचे?

दोन्हीकडच्या गोष्टींत एक मोठा फरक मात्र आहे, आणि तो आपल्या बाजूने नाही. 'श्री पुंडलिक' आज कोठेही उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'चे काही भागच उरले आहेत. 'सावकारी पाश'चा मूकपट नाहीसा झाला. बाबूरावांनी १९३६ मध्ये त्याच कथेवर बोलपट केला म्हणून निदान कथा राहिली. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यांतील जेमतेम तीसेक पूर्ण किंवा तुटक स्वरूपात शिल्लक आहेत. नायट्रेटची फीत पटकन पेटते, दमट हवेत कुजते, आणि तिच्यातील चांदीसाठी ती विकलीही गेली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत बरेच हातचे गेले होते. डेन्मार्कमध्ये चित्रपट संग्रहालय १९४१ मध्येच उभे राहिले. तेथेही पुष्कळ नष्ट झाले, परंतु उरलेले मूकपट आता डिजिटल करून कोणालाही पाहता येतील असे ठेवले आहेत. म्हणूनच डिचोलीतील माझ्या वर्गात १९१० सालची आस्टा नील्सन चालताना दिसते, आणि १९१२ सालचा पुंडलिक दिसत नाही.

फितीचे जतन हे मोठ्या संस्थांचे काम आहे, ते शिक्षकाच्या हातचे नाही. शब्दांचे जतन मात्र आहे. दशावताराची ध्वनिमुद्रणे आज पुष्कळ होतात, मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे. पण ती गाण्यांची किंवा युद्धप्रसंगाची, दोन-दोन मिनिटांची असतात, आणि फोन बदलला की जातात. आख्यानातील संवाद सलग ऐकून, लिहून काढलेले फार थोडे. म्हणून पेडणे, डिचोली आणि सत्तरीतील शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रकल्पासाठी मुलांना विषय देताना दरवर्षी एक आख्यान द्यावे. नटमंडळींची परवानगी घ्यावी. गाव, देवस्थान, तारीख, मंडळाचे नाव आणि नटाचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. संवाद जसा उच्चारला तसा उतरवावा, शुद्धलेखनासाठी तो बदलू नये. संकासुराची मालवणी मालवणीतच ठेवावी. आणि ती वही शाळेच्या कपाटात न ठेवता तिची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात द्यावी.

गेल्या वर्षी माझ्या तीन विद्यार्थ्यांनी एका काल्यातील हरिश्चंद्राचे आख्यान असे उतरवून काढले. बेचाळीस पाने झाली. स्मशानाचा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला. शब्द आबांचे नव्हते, दुसऱ्या नटाचे होते. एके ठिकाणी तारामती बोलता बोलता थांबते, तेथे मुलांनी कंसात लिहिले आहे : 'येथे ती काही बोलत नाही, फक्त उशीवरून हात फिरवते.'

रोहिदासाच्या प्रेताच्या जागी आमच्याकडे उशीच घेतात. ती पाटी मी तशीच राहू दिली आहे.